पुराव्याचा प्रवास : कॉक्रेनची संपादनव्यवस्था आणि आपण

वैद्यकीय ज्ञान रुग्णाच्या खाटेपर्यंत दोन टप्प्यांनी पोहोचते. पहिला टप्पा प्रयोगाचा. कोणा संशोधकाला शंका येते, तो चाचणी आखतो, निष्कर्ष प्रसिद्ध करतो. दुसरा टप्पा अशा अनेक निष्कर्षांच्या छाननीचा, एकत्रीकरणाचा आणि संपादनाचा. पहिल्या टप्प्यातील व्यक्तींचा गौरव होतो. दुसरा टप्पा मात्र बहुतेकांना कारकुनी वाटतो. कागद कोणाकडे गेला, परत आला का, कोणती प्रत अखेरची, तिच्यावर सही कोणाची, असले प्रश्न विद्वत्तेचे मानले जात नाहीत. परंतु नवजात बालकांच्या सेवेत आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्या डॉक्टरला हा दुसरा टप्पा पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. तो का वाटतो, हे एका जागतिक संशोधन-जाळ्याच्या उदाहरणाने येथे मांडण्याचा विचार आहे. स्मरणिकेचे अनेक वाचक वैद्यकीय व्यवसायातील नाहीत, याची जाणीव ठेवून परिभाषा शक्य तेवढी टाळली आहे.

सात रेघांचे बोधचिन्ह

‘कॉक्रेन’ या संस्थेचे बोधचिन्ह आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. एका वर्तुळात एक उभी रेषा, तिच्या आजूबाजूला सात आडव्या रेघा आणि तळाशी एक छोटा हिरा. ही नुसती नक्षी नव्हे. प्रत्येक आडवी रेघ म्हणजे एक चाचणी. रेघ जितकी आखूड, तितका त्या चाचणीचा निष्कर्ष नेमका. उभी रेषा म्हणजे ‘औषध दिले काय, न दिले काय, फरक नाही’ ही सीमा. तळाचा हिरा सर्व चाचण्यांचा एकत्रित निष्कर्ष दाखवितो, आणि तो उभ्या रेषेच्या डावीकडे, म्हणजे औषधाच्या बाजूने आहे.

या रेघांमागचा प्रश्न असा होता : अकाली प्रसूतीचा धोका असलेल्या मातेला स्टेरॉइडची काही इंजेक्शने दिली, तर बाळाची फुप्फुसे लवकर परिपक्व होऊन ते वाचेल का? न्यूझीलंडमधील ऑकलंडचे प्रसूतितज्ज्ञ ग्रॅहम लिगिन्स आणि बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांनी २८२ मातांवर केलेली पहिली चाचणी १९७२ साली प्रसिद्ध झाली. निष्कर्ष आशादायक होता. त्यानंतर निरनिराळ्या देशांत आणखी चाचण्या झाल्या. त्यांतील बऱ्याच लहान होत्या. सुटी सुटी वाचली असता बऱ्याच चाचण्या ‘नक्की सांगता येत नाही’ असेच सांगत. सर्व चाचण्या एकत्र मांडून केलेला पद्धतशीर आढावा १९८९ साली प्रसिद्ध झाला, आणि औषध उपयोगी आहे हे तेव्हा ठळकपणे दिसले. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची परिषद भरवून या उपचाराची शिफारस केली, तोपर्यंत १९९४ साल उजाडले होते.

पहिल्या चाचणीपासून त्या शिफारशीपर्यंत बावीस वर्षे गेली. औषध स्वस्त होते, सर्वत्र मिळत होते आणि पुरावाही हळूहळू जमत होता. एकत्र मांडणी मात्र झालेली नव्हती. या काळात जी अकाली जन्मलेली बालके श्वासासाठी धडपडत गेली, त्यांतील काही वाचू शकली असती.

एका वैद्याची खंत, दुसऱ्याचा उद्योग

ब्रिटिश वैद्य आर्ची कॉक्रेन (१९०९–१९८८) यांनी १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात उपचारांची परिणामकारकता चाचण्यांनी तपासण्याचा आग्रह धरला. १९७९ साली त्यांनी आपल्याच व्यवसायावर ठपका ठेवला. प्रत्येक शाखेतील विश्वासार्ह चाचण्यांचा चिकित्सक गोषवारा तयार करणे आणि तो वेळोवेळी सुधारत राहणे, ही व्यवस्था आपण उभी केलेली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. चाचण्यांच्या बाबतीत प्रसूतिशास्त्र सर्वांत मागे आहे, असा टोलाही त्यांनी हाणला होता.

ऑक्सफर्ड येथील इअन चॅमर्स यांनी हा टोला मनावर घेतला. गर्भारपण आणि प्रसूतीविषयीच्या चाचण्या गोळा करण्याचे प्रचंड काम त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाती घेतले. १९९२ साली ऑक्सफर्डला पहिले कॉक्रेन केंद्र उघडले आणि १९९३ साली आंतरराष्ट्रीय जाळे स्थापन झाले. आपल्या देशात वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज या जाळ्याचे महत्त्वाचे केंद्र बनले, आणि २००७ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने कॉक्रेन ग्रंथालय साऱ्या देशाला विनामूल्य वाचता येईल अशी व्यवस्था केली.

एका आढाव्याची वाटचाल

बाहेरून पाहणाऱ्यास आढावा म्हणजे एक लेख वाटतो. प्रत्यक्षात तो अनेक हातांतून जातो. प्रथम विषयाची नोंदणी होते, म्हणजे दोन गट एकाच विषयावर नकळत काम करीत नाहीत. मग कामाचा आराखडा लिहून तो आधीच प्रसिद्ध केला जातो. निष्कर्ष पाहिल्यावर प्रश्न बदलण्याचा मोह कोणालाही होऊ शकतो. त्या मोहाला आवर घालणे हा या आराखड्याचा हेतू असतो. त्यानंतर ग्रंथपाल शोध घेतात, दोन व्यक्ती एकमेकींना न विचारता चाचण्या निवडतात, आकडे काढतात, मतभेद झाल्यास तिसरी व्यक्ती निर्णय देते. मसुदा तयार झाल्यावर विषयतज्ज्ञ, संख्याशास्त्रज्ञ आणि काही वेळा रुग्णांचे प्रतिनिधी तो वाचतात. लेखकांचे औषध कंपन्यांशी हितसंबंध आहेत का, हे तपासले जाते. दुरुस्त्या, भाषेची तपासणी, संपादकाची अखेरची संमती, आणि मग प्रसिद्धी.

ही माणसे एका इमारतीत तर नसतातच, एका देशातही नसतात. लेखक बहुतेक स्वयंसेवक. दवाखाना आटोपून रात्री लिहिणारे. एखादा मसुदा एका परीक्षकाच्या टपालपेटीत तीन महिने पडून राहिला, तर त्याची दाद कोणाकडे मागायची? लेखकाने तिसरी प्रत सुधारली आणि संख्याशास्त्रज्ञाने दुसऱ्या प्रतीवर टिपणे केली, तर खरे कोणते धरायचे? संपादनाची संगणकीय प्रणाली उभी राहते ती अशा प्रश्नांतून.

फ्लॉपीपासून मध्यवर्ती संगणकापर्यंत

सुरुवातीच्या काळात प्रत्येक विषयगट आपले आढावे आपल्याच संगणकावर ठेवी. लेखनासाठी ‘रेव्हमॅन’ नावाचे सॉफ्टवेअर होते. त्याचा विकास पुढे कोपनहेगनच्या नॉर्डिक कॉक्रेन केंद्राने केला. सगळ्या गटांचे साहित्य ठरलेल्या मुदतीत गोळा होई आणि दर तीन महिन्यांनी फ्लॉपी वा सीडीवर नवा संच निघे. मुदत हुकली की आढावा पुढच्या तिमाहीवर जाई.

त्यानंतर सर्वांसाठी एक मध्यवर्ती संगणक आला. त्याला संस्थापुरुषाच्या स्मरणार्थ ‘आर्ची’ असे घरगुती नाव मिळाले. ग्रंथालयातून पुस्तक नेताना आपण नोंद करतो, तसा लेखक आढावा ‘बाहेर’ काढी, त्यावर काम करी आणि परत ‘आत’ ठेवी. एकाच्या हाती तो असताना दुसऱ्याला त्यात फेरफार करता येत नसे. प्रत्येक वेळी नवी आवृत्ती जपली जाई. २००८ साली आलेले ‘रेव्हमॅन ५’ या मध्यवर्ती साठ्याशी थेट जोडलेले होते. २०१३ पासून आढावा तयार होताच प्रसिद्ध होऊ लागला, तिमाहीची वाट पाहणे संपले.

पुढे २०२१ च्या सुमारास संपादनाची प्रक्रिया ‘एडिटोरियल मॅनेजर’ या प्रणालीकडे नेण्यात आली. हे नाव आपल्याला अपरिचित नाही. बालरोगतज्ज्ञांच्या ‘इंडियन पेडिअॅट्रिक्स’ या १९६४ पासूनच्या नियतकालिकाने लेख स्वीकारण्यासाठी हीच प्रणाली वापरली आहे. लेखन रेव्हमॅनमध्येच राहिले. लेख दाखल करणे, परीक्षकांना निमंत्रण, स्मरणपत्रे, अभिप्राय, निर्णय ही कामे मात्र नव्या प्रणालीकडे गेली.

पन्नास घरांचा एक रिवाज

नवी प्रणाली विकत घेणे सोपे असते. पन्नासहून अधिक विषयगटांत ती रुजविणे हे खरे अवघड काम. या गटांनी अनेक वर्षे आपापल्या रीतीने काम केले होते. कोणाकडे संख्याशास्त्रज्ञ आधी वाचत, कोणाकडे शेवटी. ‘स्वीकृत’ या शब्दाचा अर्थ एका गटात ‘संपादक समाधानी आहेत’ असा, तर दुसऱ्यात ‘छापावयास पाठवा’ असा. संगणकाला असे दोन अर्थ चालत नाहीत. त्यामुळे प्रत्येक पायरीला एक नाव, प्रत्येक नावाचा एक अर्थ आणि प्रत्येक पायरीवर एक जबाबदार व्यक्ती ठरवावी लागते. माझ्या मते प्रणाली बसविण्यातील खरे काम येथेच असते. पडद्यावरील बटणे ही पुढची गोष्ट.

या ठिकाणी माणसे दुखावतात. वर्षानुवर्षे गोड शब्दांत पत्र लिहून परीक्षकाकडून काम करून घेणाऱ्या व्यवस्थापकीय संपादिकेला यंत्राने पाठविलेले कोरडे स्मरणपत्र रुचत नाही. परीक्षकालाही ते रुचत नाही. मी स्वतः एका नियतकालिकासाठी परीक्षण करीत आलो आहे. यंत्राची स्मरणपत्रे न उघडताच पुसणारे आणि संपादकांचा फोन येताच त्याच रात्री अभिप्राय लिहिणारे ज्येष्ठ मला ठाऊक आहेत. तेव्हा यंत्राने आठवण ठेवावी आणि माणसाने आठवण करून द्यावी, अशी विभागणी सर्वांत उपयोगी ठरते.

दुसरी अडचण अर्ध्या वाटेवरील कामांची. बदलाच्या दिवशी कित्येक आढावे परीक्षकांच्या हाती असतात. ते जुन्या व्यवस्थेत पुरे करावेत की नव्या व्यवस्थेत हलवावेत? अनुभवी मंडळी नवी कामे नव्या व्यवस्थेत आणि जुनी कामे जुन्यातच संपविण्याचा सल्ला देतात. काही काळ दोन्ही चालवावी लागतात. हा दुहेरी भार आधीच धरला नाही, तर कर्मचारी थकतात आणि दोष प्रणालीला दिला जातो.

तिसरा प्रश्न मालकीचा. एडिटोरियल मॅनेजर ही अमेरिकेतील एरिस सिस्टिम्स या कंपनीची प्रणाली. ही कंपनी २०१८ साली एल्सेव्हियर या बड्या प्रकाशनसंस्थेने घेतली. कॉक्रेन ग्रंथालयाचे प्रकाशन मात्र वायली ही दुसरीच संस्था करीत आली आहे. यात आक्षेपार्ह काही नाही. तरी स्वतंत्र बाण्याच्या जाळ्याचे संपादकीय दप्तर दुसऱ्याच्या पेटीत असते, एवढे लक्षात ठेवणे बरे. पेटी बदलावी लागली तर दप्तर आपल्या हाती येईल का, हा प्रश्न करारावर सही करण्यापूर्वी विचारावा.

लवकरच कसोटीची वेळही आली. ब्रिटनमधील विषयगटांना तेथील सरकारी संशोधननिधीतून मिळणारे पायाभूत अर्थसाहाय्य मार्च २०२३ मध्ये संपले. अनेक जुनी कार्यालये बंद झाली आणि संपादनाचे काम मध्यवर्ती सेवेकडे एकवटत गेले. जेथे नोंदी सर्वांच्या प्रणालीत असतात, तेथे कार्यालय बंद झाले तरी कोणता आढावा कोणत्या पायरीवर आहे हे कळू शकते. परंतु एखादा लेखक कोठे अडतो, कोणत्या विषयाला कोणता परीक्षक योग्य, हे त्या कार्यालयांतील माणसांना ठाऊक होते. ते ज्ञान कोणत्याही रकान्यात भरलेले नसते. ते माणसाबरोबर निघून जाते.

बेळगाव आणि नागपूर

आवृत्ती जपण्याचे एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी पुन्हा त्याच स्टेरॉइडकडे येऊ. येथे या विषयाचा आपल्या गावाशी थेट संबंध येतो.

चाचणी बहुतांशी मोठ्या, सुसज्ज रुग्णालयांत झाली होती. मग हेच औषध खेड्यापाड्यांतील आरोग्यसेवेमार्फत दिले तर? हे तपासण्यासाठी अर्जेंटिना, ग्वाटेमाला, भारत, केनिया, पाकिस्तान आणि झांबिया या सहा देशांत मोठी चाचणी झाली. भारतातील तिची केंद्रे होती बेळगाव आणि नागपूर. सुमारे ९८ हजार जिवंत जन्मांची नोंद झालेल्या या चाचणीचा निष्कर्ष ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केला आणि तो २०१५ च्या अंकात छापला गेला. सर्वांत कमी वजनाच्या बालकांत मृत्यूंचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले नाही. उलट सर्व बालके मिळून पाहता, ज्या भागांत औषधाचा प्रसार केला तेथे दर हजार जिवंत जन्मांमागे २७.४ नवजात बालके दगावली, इतरत्र २३.९. मातांमधील संसर्गाची शंकाही औषधाच्या भागांत अधिक आढळली.

२०१४ साली आपल्या केंद्र सरकारने अकाली प्रसूतीत डेक्सामेथासोन देण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. त्यांच्या पाठोपाठ आलेला हा निष्कर्ष साऱ्यांना विचारात पाडणारा होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या शिफारशींत अटी स्पष्ट केल्या : गर्भाचे वय नेमके ठाऊक हवे, अकाली प्रसूती खरोखरच जवळ आलेली हवी, मातेला संसर्ग नसावा आणि प्रसूतीची व नवजात बाळाची योग्य सेवा उपलब्ध हवी.

पुढे याच संघटनेने बांगलादेश, भारत, केनिया, नायजेरिया आणि पाकिस्तानातील २९ रुग्णालयांत २८५२ मातांची चाचणी घेतली. २०२० साली तिचा निष्कर्ष आला. गर्भाचे वय नीट ठरवून, रुग्णालयात दिलेल्या औषधाने नवजात बालकांचे मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले. औषध तेच होते. ते कोठे, कोणाला आणि कोणत्या सोयी असताना दिले जाते, यावर फळ ठरत होते.

आता या विषयावरील कॉक्रेन आढाव्याच्या आवृत्त्या पाहा. २००६ साली २१ चाचण्या, ३८८५ माता. २०१७ साली ३० चाचण्या, ७७७४ माता. २०२० साली २७ चाचण्या, ११,२७२ माता. अखेरच्या आवृत्तीत माता वाढल्या, पण चाचण्यांची संख्या घटली. म्हणजे नवी भर घालतानाच आधी घेतलेल्या काही चाचण्या पुन्हा तपासून बाजूला ठेवल्या गेल्या. सुधारणा म्हणजे नुसती बेरीज नव्हे. जुन्याची फेरतपासणीही तीत येते. कोणती चाचणी कधी आत आली, कधी बाहेर गेली, निर्णय कोणी घेतला आणि का, याची नोंद शिल्लक नसेल तर पुढच्या संपादकाला सारे पहिल्यापासून करावे लागेल. संपादनप्रणालीचे खरे देणे हे आहे. ती सत्य ठरवीत नाही. सत्याकडे जाताना कोणत्या वाटेने गेलो, याचा माग ती ठेवते.

तिची मर्यादाही येथेच कळते. सर्व रकाने भरलेले, सर्व पायऱ्या हिरव्या झालेल्या, तरीही प्रश्नच चुकीचा विचारलेला असू शकतो. बेळगाव-नागपूरच्या चाचणीने जो प्रश्न पुढे आणला, तो कोणत्याही रकान्यातून आला नव्हता. रुग्णालयातला पुरावा गावात जसाच्या तसा लागू होईल का, अशी शंका काही माणसांना आली आणि ती त्यांनी तपासून पाहिली.

आपल्यासाठी घेण्याजोगे

आपल्या संघटनेचे सदस्य कोणत्याही जागतिक जाळ्याचे संपादक नसतील. परंतु आपण सारे मिळूनही एक जाळेच आहोत. खानापूर किंवा चंदगडकडील एखादी गर्भवती अवेळी कळा सुरू झाल्याने शहराकडे पाठविली जाते, तेव्हा तीही अनेक हातांतून जाते. त्या प्रवासाला या लेखातील काही धडे लागू पडतात.

एक, आधी रीत ठरवावी, मग संगणक आणावा. ज्या रुग्णालयात कागदावरची नोंद अर्धवट असते, तेथे पडद्यावरचीही अर्धवटच राहते.

दोन, शब्दांचे अर्थ सर्वांनी एकच धरावेत. ‘स्टेरॉइड दिले’ ही नोंद अपुरी आहे. डेक्सामेथासोन असेल तर ६ मिलिग्रॅमचे बारा-बारा तासांनी चार डोस, बीटामेथासोन असेल तर १२ मिलिग्रॅमचे चोवीस तासांच्या अंतराने दोन डोस. त्यांतील कितवा, किती वाजता, हे लिहिले गेले तरच पुढच्या डॉक्टरला उपयोग.

तीन, गर्भाचे वय लिहिताना ते कशावरून ठरविले, तेही लिहावे. पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफी आणि पोट तपासून बांधलेला अंदाज यांना एकाच तराजूत घालू नये.

चार, प्रत्येक पायरीवर एका व्यक्तीचे नाव असावे. ‘कळविले’ असे लिहिण्यापेक्षा कोणी, कोणाला, किती वाजता कळविले, ते लिहावे.

पाच, जाणत्या परिचारिका आणि नोंद ठेवणारे कर्मचारी यांना बदलाच्या पहिल्या बैठकीपासून बोलवावे. कोणता रकाना रात्री दोन वाजता रिकामा राहणार, हे तेच सांगू शकतात.

सहा, प्रणाली कोणाचीही घ्यावी, पण आपल्या नोंदी हव्या तेव्हा पूर्णपणे बाहेर काढता येतील, हे करारात लिहून घ्यावे.

यांपैकी दुसरी, तिसरी आणि चौथी गोष्ट करण्यास संगणकाचीही गरज नाही. मातेबरोबर पाठवायचा एक छापील कागद पुरे : गर्भाचे वय व त्याचा आधार, औषधाचे नाव, डोस, वेळ, ताप वा संसर्गाची लक्षणे, पाठविणाऱ्याचे व स्वीकारणाऱ्याचे नाव. संघटनेने असा एक नमुना मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत तयार करून सदस्यांच्या दवाखान्यांत व प्रसूतिगृहांत ठेवावा, अशी सूचना मी या निमित्ताने करतो. वर्षाअखेरीस ते कागद एकत्र करून पाहिले, तर आपल्या भागातील किती मातांना औषध वेळेवर मिळाले, हे आपले आपल्याला कळेल. त्या कागदाचा पहिला मसुदा करण्याचे काम मी आनंदाने अंगावर घेईन. प्रसूतितज्ज्ञ बंधुभगिनींनी त्यावर लाल शाईने टिपणे करावीत, आणि कोणत्या तारखेची प्रत अखेरची, तेवढे मात्र कागदाच्या डोक्यावर लिहावे.